हीटर बिघडेल हे धरून: पुण्यातल्या एका माशांच्या टाकीच्या हिवाळी नोंदी

२४ नोव्हेंबर, रविवार

टाकी तीन फुटी. ९० × ३८ × ३८ सेंटिमीटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी साधारण ११० लिटर. आत एंजल, निऑन टेट्रा आणि तळाशी कोरी जातीचे मासे. स्पंज फिल्टर, त्याचा हवेचा पंप टाकीबाहेर. वर काचेचं झाकण, खाली नेहमीप्रमाणे थर्मोकोलचा पत्रा.

घर पुण्यात, बाहेरच्या खोलीची मोठी भिंत उत्तरेकडे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोली १७-१८ अंशांवर येते, दुपारी २३-२४. गोल्डफिश असते तर काहीच करावं लागलं नसतं. एंजल आणि निऑनना २४ ते २६ बरं.

सध्या पाण्यात २०० वॅटचा काचेचा हीटर आहे. ‘लिटरला दोन वॅट धरा, मोठा घेतला की टेन्शन नाही,’ हा दुकानातला हिशेब. टेन्शन नेमकं कुठून येतं हे या हिवाळ्यात नीट तपासायचं आहे. हीटर कधीतरी बिघडणार. बिघडल्यावर पुढचे आठ-दहा तास कोणी टाकीकडे बघणार नाही, असं धरून मांडणी करायची. अचूक तापमान वगैरे नंतर.

आईची अट: हात घातला तर शॉक बसता कामा नये. बाकी तुझं तू बघ.

२६ नोव्हेंबर

मित्राकडून एक मेलेला १०० वॅटचा हीटर आणला आणि कापडात गुंडाळून फोडला. आत चिनी मातीच्या गाभ्यावर नायक्रोमची तार, तिच्या वर थर्मोस्टॅटची पट्टी. दोन धातूंची पातळ पट्टी तापली की वाकते, टोकाचा कॉन्टॅक्ट सुटतो. निवली की परत टेकते. टेकताना-सुटताना ठिणगी कमी पडावी म्हणून एक बारकं लोहचुंबक, म्हणजे पट्टी रेंगाळत न जाता खटकन जाते. वरची खुंटी फिरवली की स्क्रू पट्टीवर कमी-जास्त दाब देतो. झालं, एवढंच यंत्र.

या नमुन्यात कॉन्टॅक्ट काळे पडून खड्डे पडले होते. प्रत्येक ठिणगीला धातूचा कण वितळतो, एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. अशा खडबडीत टोकांची एखाद्या दिवशी वेल्डिंग होते आणि पट्टी वाकली तरी ती सुटत नाहीत. हीटर ‘अडकला’ म्हणतात तो हा प्रकार. तार तुटून हीटर बंद पडणं हा दुसरा प्रकार. दोन्हीला आपण बिघाडच म्हणतो, पण माशांच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं लक्षात आलं ते पट्टीच्या जागेबद्दल. ती तारेच्या शेजारी, त्याच नळीत आहे. म्हणजे ती टाकीचं नव्हे, नळीचं तापमान मोजते. माझ्या २०० वॅटच्या हीटरचा दिवा आज संध्याकाळी घड्याळ लावून पाहिला: दोन-तीन मिनिटं चालू, नऊ-दहा मिनिटं बंद. बारा मिनिटांना एक फेरा धरला तर दिवसाला १२० वेळा ठिणगी. एका हिवाळ्यात दहा हजारांवर.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

महावितरणचा देखभालीचा वार. सकाळी दहा ते दुपारी तीन वीज नाही. पाणी पाच तासांत एका अंशापेक्षा थोडं कमीच उतरलं. हवेचा पंप इन्व्हर्टरवर आहे, तो चालू राहिला.

३० नोव्हेंबर, शनिवार

आजची मोजणी या सगळ्याचा पाया आहे, म्हणून सविस्तर.

रात्री दहाला हीटर बंद केला. पाणी २६.०. पहाटे सहाला पाणी २३.४. खोली रात्रभरात सरासरी १९.

११० लिटर पाणी १ अंश तापवायला ४६० किलोज्यूल लागतात (लिटरला ४.१८६). २.६ अंश उतरलं म्हणजे सुमारे १,२०० किलोज्यूल उष्णता गेली. आठ तासांचे २८,८०० सेकंद. भागाकार ४१ ते ४२ वॅट. त्या वेळात पाणी खोलीपेक्षा सरासरी ५.७ अंश गरम होतं. म्हणजे पाणी खोलीपेक्षा प्रत्येक अंश वर ठेवायला सुमारे ७.३ वॅट.

हा एक आकडा हातात आला की हीटर अडकल्यावर काय होईल ते कागदावरच कळतं. पाणी तापत तापत अशा जागी थांबतं जिथे हीटर देतो तेवढी उष्णता काचेतून बाहेर जाते. २०० वॅट भागिले ७.३ म्हणजे खोलीपेक्षा २७ अंश वर. १९ अंशांच्या खोलीत ४६. तिथपर्यंत जायला दीड-दोन दिवस लागतील, पण मासे तेवढे थांबणार नाहीत: रात्री दहाला २६ वर अडकला तर सकाळी सहाला साडेतेहतीस. ऑफिसातून संध्याकाळी परत येईपर्यंत ३८ च्या पुढे.

१०० वॅटचा अडकला तर खोलीपेक्षा १४ वर, म्हणजे ३३. वाईट, पण एंजल एक दिवस काढतील.

५० वॅटचा अडकला तर खोलीपेक्षा ७ वर. १९ च्या खोलीत २६. म्हणजे काहीच होणार नाही! बिघाड झालाय हे कळणारसुद्धा नाही.

थर्मोस्टॅट कितीही भारी असो, तो बिघडू शकतो. पन्नास वॅटची तार शंभर वॅट देऊ शकत नाही, हे मात्र बिघडत नाही. त्यामुळे वॅट ठरवणं हीच पहिली सुरक्षा, आणि ती स्वस्तातली आहे. ‘मोठा घ्या’ या सल्ल्यात एकच बिघाड धरलेला असतो, हीटर कमी पडण्याचा. त्या बिघाडात पाणी रात्रीत अडीच अंश उतरतं, मासे सुस्त होतात, सकाळी आपण बघतो. उलट दिशेच्या बिघाडात सकाळी बघायला काही उरत नाही.

१ डिसेंबर

कालच्या हिशेबाला दोन पुरवण्या.

एक, लेबलवरचे वॅट २३० व्होल्टला असतात. आमच्याकडे मध्यरात्रीनंतर मीटर २४८ दाखवतो. वॅट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात, त्यामुळे त्या वेळी ५० चे ५८ आणि २०० चे २३२ होतात.

दोन, गरम पाण्यात मासे ‘शिजण्या’आधीच गुदमरतात. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ ला ७ च्या आसपास. प्राणवायू घटतो त्याच वेळी माशाची गरज वाढते. म्हणून हवेचा पंप हीटरच्या बोर्डावर नको. हीटरचं काहीही झालं तरी बुडबुडे चालू राहिले पाहिजेत.

४ डिसेंबर

दोन ५० वॅटचे हीटर आणले. दुकानदार म्हणाला, ‘दादा, तीन फुटीला पन्नास? थंडीत परत याल.’ येईनही.

ब्रँडवर फार भरवसा ठेवू नये असं माझं मत आहे. २०११ मध्ये अमेरिकेत मरीनलँडच्या स्टेल्थ मालिकेतल्या हीटरांसह सुमारे १२ लाख हीटर परत मागवले गेले होते. आतल्या वायरिंगच्या दोषाने ते जास्त तापत किंवा फुटत, आणि आग लागण्याचा व काच लागण्याचा धोका होता. ते काही रस्त्यावरचे बिननावाचे हीटर नव्हते. घरगुती उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात मत्स्यटाक्या आणि बागेतल्या तळ्यांसाठी वेगळा भाग आहे, आयईसी ६०३३५-२-५५. डब्यावर तो छापलेला असला तर बरंच, पण त्या कागदाने माझा कॉन्टॅक्ट चिकटायचा थांबत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

थर्मोकोल. मागच्या काचेला आणि दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरचा पत्रा लावला, समोरची काच उघडी. मागचा काळा कागद पत्र्यावर चिकटवला, त्यामुळे दिसायलाही बरं.

रात्री पुन्हा तीच मोजणी: २६.० वरून सकाळी २३.९, खोली सरासरी १८.५. हिशेब केला तर अंशाला ५.२ वॅट. पत्रा लावल्याने जवळजवळ तीस टक्के गळती थांबली.

१७ अंशांच्या खोलीत पाणी २५ ठेवायला आता ४२ वॅट पुरतात. एक ५० वॅटचा हीटर एकटा भागवेल. दुकानदाराकडे परत जायची वेळ बहुतेक येणार नाही.

पण थर्मोकोल दुधारी आहे. गळती कमी झाली म्हणजे अडकलेला हीटरही जास्त वर नेणार: ५० वॅट भागिले ५.२, खोलीपेक्षा साडेनऊ अंश. १९ च्या खोलीत २८.६. मध्यरात्रीचे ५८ वॅट धरले तर ३० च्या जवळ. अजून चालतं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की लोक मुद्दाम ३० पर्यंत नेतातच. २०० वॅटचा जुना हीटर या थर्मोकोलसकट ठेवला असता तर हिशेब खोलीपेक्षा ३८ अंश वर जातो. प्रत्यक्षात एवढं होणार नाही, कारण वाफ वाढते आणि वाफेबरोबर उष्णता जाते, पण त्या फरकाने मासे वाचणार नाहीत.

८ डिसेंबर

पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून एसटीसी-१००० आणला. फ्रीज आणि अंडी उबवायच्या पेट्यांसाठी वापरतात तो लहान कंट्रोलर. दिसायला सगळे सारखे, पण १२, २४ आणि २३० व्होल्टचे वेगवेगळे येतात. बाजूचं लेबल वाचून २३० चाच घ्यायचा.

मागे आठ स्क्रू: १-२ वीज, ३-४ सेन्सर, ५-६ गरम करायचा रिले, ७-८ थंड करायचा. रिले म्हणजे फक्त स्विच आहे, त्यातून आपोआप वीज येत नाही; फेजची एक वायर आपण ५ वर उड्डी मारून द्यायची. रिलेवर १० अँपिअर लिहिलंय. माझा भार ५० वॅट, म्हणजे ०.२२ अँपिअर. चिनी लेबलवरचे दहा अँपिअर निम्मे खोटे धरले तरी हरकत नाही.

उघडे स्क्रू टाकीजवळ ठेवणं म्हणजे आमंत्रण. प्लास्टिकच्या बोर्डात बसवला आणि बोर्ड टाकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच, बाजूच्या भिंतीवर. टाकीतून येणारी प्रत्येक वायर आधी प्लगच्या खाली झोल खाऊन मग वर जाते. वायरवरून ओघळणारं पाणी झोलातून जमिनीवर टपकतं, सॉकेटात शिरत नाही. याला पैसा लागत नाही, तरी दहा घरांतल्या नऊ टाक्यांना झोल नसतो. खाली एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडलेला आणि वरून वायर सरळ त्यात उतरलेली!

९ डिसेंबर

थर्मामीटर. घरात तीन, तिघांची तोंडं तीन दिशांना: २४.५, २६, २५.२.

थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, ढवळून दहा मिनिटं. तिथे शून्य असलंच पाहिजे. कंट्रोलरचा सेन्सर ०.४ दाखवतो, म्हणून एफ-४ मध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये, वजा ०.४. काचेचा थर्मामीटर दीड अंश वर. त्यावर मार्करने लिहून ठेवलं. काचेवर चिकटवायची रंगीत पट्टी फेकली. वरच्या टोकाला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर उपयोगी पडला: कोमट पाण्यात ३७ च्या आसपास तो विश्वासाचा असतो, तिथे कंट्रोलर त्याच्याशी ०.२ मध्ये जुळला. पुरे.

११ डिसेंबर

महावितरणमधून निवृत्त झालेले शेजारचे काका मेगर घेऊन आले, म्हणजे वीज बाहेर गळते का हे पाहायचा मीटर; आकडा जितका मोठा तितकी गळती कमी. ५०० व्होल्टचा, हाताने फिरवायचा. बादलीत चिमूटभर मीठ टाकून हीटर खुणेपर्यंत बुडवला, प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडून मेगरच्या एका टोकाला, पाण्यात सोडलेली स्टीलची सळई दुसऱ्या टोकाला. दोन्ही नवे हीटर: काटा २०० मेगओहमच्या पलीकडे. जुना २०० वॅटचा थंड असताना बरा होता. अर्धा तास चालवून, बंद करून लगेच मोजला तर २ च्याही खाली. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर टोपणाखाली काचेच्या आतून दव धरलेलं दिसलं.

‘रबर कडक झालं की असंच,’ काका म्हणाले. ‘तापला की आतली हवा बाहेर जाते, निवला की पाणी ओढून घेतो. अरे, रोजचा श्वासच तो.’

२ मेगओहमला गळणारा प्रवाह मिलिअँपिअरचा दहावा हिस्सा. आज त्याने काही होणार नाही. पण ओल एकदा आत शिरली की पुढे वाढतच जाते. प्लग कापून हीटर भंगारात. प्लग कापायचाच, नाहीतर कोणीतरी उचलून वापरतो.

१४ डिसेंबर, शनिवार

आरसीसीबीचा दिवस. आणि वायरमनचा.

आईची अट पुरी करणारी वस्तू हीच. ‘आपल्याकडे एमसीबी आहेत की,’ असं बहुतेक घरांत म्हणतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. सहा-दहा अँपिअरच्या पुढे गेल्याशिवाय तो हलत नाही. माणसाला मारायला त्याच्या शंभराव्या भागाएवढा प्रवाह पुरतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ताडून पाहतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला, म्हणजे वीज तिसऱ्याच वाटेने जमिनीत चालली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतो.

टाकीच्या बोर्डासाठी वेगळा टू-पोल, ३० मिलिअँपिअरचा बसवला. चालू केला, खट्‌. परत, खट्‌. टाकीतलं सगळं उपटून ठेवलं तरी खट्‌.

वायरमन: ‘साहेब, पीस खराब आहे. बदलून आणा, नाहीतर राहू द्या, लोक लावत नाहीत.’

पीस खराब नव्हता. आरसीसीबीच्या पुढच्या सॉकेटातून कोणीतरी शेजारच्या पंख्याला न्यूट्रल दिला होता. इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल असे उसने घेतात, जवळचा पांढरा-काळा जो मिळेल तो. पंख्याचा फेज एका वाटेने, न्यूट्रल या वाटेने. आरसीसीबीला तो फरक म्हणजे गळतीच. पंखा बंद केला की आरसीसीबी शांत. पंख्याचा न्यूट्रल सोडवून त्याच्या मूळ जागी नेण्यात दुपार गेली. ‘आरसीसीबी सारखा पडतो’ म्हणून घराघरांतून ते काढून टाकतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हाच घोळ असणार.

अर्थिंग १०० वॅटच्या बल्बने आरसीसीबीच्या आधीच तपासलं. फेज-न्यूट्रलला जेवढा पेटला तेवढाच फेज-अर्थला. चांगलं आहे.

आता एक बारीक मुद्दा. काचेच्या हीटरला दोनच पिना, अर्थ नाही. टाकीही काचेची, थर्मोकोलवर ठेवलेली. हीटर फुटला तर पाण्यात फेज येईल, पण त्याला जमिनीकडे जायला वाटच नाही, म्हणून आरसीसीबी गप्प राहील. वाट कधी मिळेल? कोणी हात घालेल तेव्हा. तेव्हा तो पडेल आणि जीव वाचेल, पण झटका बसेलच. म्हणून पाण्यात ३१६ स्टीलची एक सळई सोडून ती अर्थला जोडली. आता हीटर फुटताक्षणीच पडेल. आरसीसीबी नसताना नुसती अशी सळई सोडणं मात्र चूक: मग गळती झाली तरी काही तुटत नाही, पाण्यातून प्रवाह वाहत राहतो.

आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्याच्या एक तारखेला दाबायचं, कॅलेंडरवर खूण केली. ते बटण फक्त आरसीसीबीची आतली यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही.

१५ डिसेंबर

अंतिम मांडणी.

हीटर क्रमांक एक कंट्रोलरमधून. कंट्रोलर एफ-१ = २५.५, एफ-२ = ०.५, म्हणजे २५ ला चालू, २५.५ ला बंद. हीटरची स्वतःची खुंटी त्याहून वर. दोन स्विच एकामागे एक. पाणी नको तेवढं तापायला दोन्ही चिकटावे लागतील. रोजचं काम कंट्रोलरच्या रिलेचं, पट्टी राखीव. उलटही करता येतं, पण कंट्रोलरचा सेन्सर खऱ्या पाण्यात आहे आणि पट्टी नळीत, म्हणून रोजचं काम सेन्सरवाल्याने करावं.

खुंटी किती वर? २७ वर ठेवली तर पट्टी मध्येच तोडत होती, कारण नळी पाण्यापेक्षा गरम. २९ वर ठेवल्यावर थांबली. डायलवरचे आकडे कोणीतरी अंदाजाने छापलेले असतात, त्यामुळे ज्याने-त्याने आपल्या टाकीत पाहून ठरवावं.

हीटर क्रमांक दोन टाकीच्या दुसऱ्या टोकाला, कंट्रोलरशिवाय, त्याच आरसीसीबीवर. खुंटी २३ च्या आसपास. पहिला मेला तरच हा उठेल. हा अडकला तर? ५० वॅट, खोलीपेक्षा साडेनऊ. पाणी २५.५ च्या वर गेलं की कंट्रोलर पहिल्याला उठूच देणार नाही. याची राखण त्याचे वॅटच करतात.

दोन्ही आडवे, वाळूच्या चार बोटं वर. वाळूत गाडलेली काच एका बाजूने तापते आणि तडकते. चोषक रबरं वर्षभरात कडक होऊन सुटतात, म्हणून पीव्हीसीच्या जाळीचा तुकडा गुंडाळून दगडाला बांधले. एंजल रात्री हीटरला टेकून झोपतो, त्यालाही जाळीचा उपयोग.

१६ डिसेंबर

मुद्दाम बिघाड केले.

सेन्सरची वायर सोडवली. पडद्यावर ‘ईई’, पिंपिं आवाज, रिले बंद. उत्तम.

सेन्सर पाण्याबाहेर काढून टेबलावर ठेवला. कंट्रोलरला वाटलं पाणी १९ अंश, रिले चालू, आणि चालूच. हाच या कंट्रोलरचा आंधळा कोपरा: सेन्सर धड आहे, पण भलत्या जागी. पाणी बदलताना पातळी खाली गेली किंवा चोषक सुटला की हे घडणार. इथे दुसरी फळी पट्टीची. सेन्सर आता तळाजवळ, पाणी अर्धं काढलं तरी बुडलेला राहील असा, दोन ठिकाणी पट्ट्याने बांधलेला.

२१-२२ डिसेंबर

शनिवार-रविवार घरीच होतो, म्हणून मोठी चाचणी. कंट्रोलर वगळून आणि खुंटी टोकाला नेऊन ५० वॅटचा हीटर २४ तास सलग चालवला, ‘अडकला’ असं समजून. सुरुवात २५.०, खोलीची सरासरी २०. कागदावरचं भाकीत २७.९. प्रत्यक्षात २७.६. फरक बहुधा झाकणाच्या फटीतून गेलेल्या वाफेचा.

मासे नेहमीसारखे. निऑन थोडे जास्त चपळ, बस.

आईने रविवारी संध्याकाळी विचारलं, ‘झालं का तुझं? मग आता त्यांना खायला घाल.’

२ जानेवारी, गुरुवार

वीज गेली, आली. कंट्रोलर आपोआप पूर्वीच्याच आकड्यांवर सुरू झाला. काही आधुनिक डिजिटल हीटर वीज आल्यावर बटण दाबेपर्यंत बंदच राहतात; आपल्याकडे गुरुवार असेपर्यंत ते घेण्यात अर्थ नाही. इन्व्हर्टरवर हीटर टाकायचा मोह टाळला. पाच तासांत एक अंशही उतरत नाही, मग बॅटरी कशाला रिकामी करायची?

११ जानेवारी

या हिवाळ्यातली सगळ्यात गार पहाट: खोली १६.८. पाणी २४.८, हीटर एक सलग चालू, दोन झोपलेला. ५० वॅट काठावर पुरले.

फेऱ्यांचा हिशेबही घेतला. कंट्रोलरचा दिवा आता चार-पाच तासांनी एकदा लागतो आणि मग दोन-तीन तास, गार रात्री त्याहूनही जास्त वेळ, चालू राहतो. दिवसाला चार-पाच ठिणग्या. २०० वॅटवाल्याच्या १२०. लहान हीटर हळू तापवतो म्हणून त्याचा स्विच कमी झिजतो, हा फायदा सुरुवातीला माझ्या हिशेबात नव्हताच.

१ फेब्रुवारी

‘टी’ बटण दाबलं. पडला. चालू केला.

पाणी बदलायचा क्रम बोर्डाच्या झाकणावर लिहून चिकटवला, कारण मी नसलो की हे काम भाचा करतो: आधी हीटरचं बटण बंद, अर्धा तास थांब, मग पाणी काढ, भरून झाल्यावर शेवटी बटण चालू. गरम काच उघडी पडून त्यावर गार पाणी आलं की तडा गेलाच. बटण लाल दिव्याचं घेतलंय, लांबून दिसतं.

२३ फेब्रुवारी

गेले आठ दिवस कंट्रोलरचा दिवा दिवसा लागलेला नाही. दुपारी खोली २८, पाणी २६.५. सगळ्यात महत्त्वाचं काम इथून सुरू होतं आणि ते लोक विसरतात. हिवाळ्यात साडेनऊ अंश वर नेणारा अडकलेला हीटर २९ पर्यंत थांबतो. एप्रिलमध्ये, खोली ३३ असताना, तोच ४२ ला नेईल. ज्या दिवसांत हीटरचं काहीच काम नाही, त्याच दिवसांत तो सगळ्यात घातक.

२ मार्च, रविवार

दोन्ही हीटर काढले. नुसतं बटण बंद नाही, प्लग उपटून पाण्याबाहेर. टोपणाजवळ क्षारांचा पांढरा थर होता, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवल्यावर गेला. टोपणाखाली दव नाही. पुसून, वर तारीख लिहून कपाटात. नोव्हेंबरात पाण्यात जाण्याआधी काकांचा मेगर पुन्हा, तापवून मोजायचं.

कंट्रोलर तसाच चालू ठेवला आहे. ७-८ नंबरचे स्क्रू मोकळे आहेत, त्यावर पाण्यावरून वारा घालणारा १२ व्होल्टचा पंखा जोडायचा आहे. त्याचा ॲडॅप्टर बोर्डात मावत नाही, मोठा बोर्ड आणावा लागेल. एफ-३ आत्तापासूनच १ मिनिटावर. तो कॉम्प्रेसरसाठीचा विलंब आहे, पंख्याला त्याची गरज नाही.